ताटात आहे, पण अंगी लागते का? गरोदरपणातले लोह, कॅल्शियम आणि आयोडीन

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: पहिलेच बाळंतपण, अठरावा आठवडा, हिमोग्लोबिन १०.२. डॉक्टरांनी लोहाच्या दोन आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज सांगितल्या आहेत. लोहाच्या गोळीने मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून त्या एकच घेतात, तीही कधी राहते. दूध आवडत नाही. सासूबाई सांगतात, बीट, डाळिंब, खजूर, गूळ खा, रक्त आपसूक वाढेल. घरात आगरातले, म्हणजे मिठागरातले, जाडे मीठ वापरतात. पुढच्या महिन्यात श्रावण, म्हणजे मासळी बंद. तर गोळ्या सोडून नुसत्या आहारातून ही सगळी खनिजे मिळवता येतील का?

ताई, सरळ उत्तर आधी देते. कॅल्शियम बऱ्यापैकी आहारातून मिळू शकेल. झिंक, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांची फार चिंता नको. आयोडीन मिळेल, पण मीठ बदलावे लागेल. लोह मात्र नुसत्या जेवणातून पुरे पडणार नाही, तुमचे १०.२ असताना तर नाहीच. गोळी सोडू नका. पण गोळी ज्या पद्धतीने घेता आहात ती बदला, कारण तुम्ही लिहून पाठवलेला दिवसाचा क्रम बघितल्यावर मला वाटते की तुमच्या घरात लोहाची कमतरता नाही, ते अंगी लागत नाही.

नुसत्या जेवणावर लोह का भागत नाही, त्याचा हिशेब सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. पूर्ण गरोदरपणात शरीराला साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. त्यातले ३०० च्या आसपास बाळ आणि वार घेतात, ५०० च्या आसपास आईच्या वाढलेल्या रक्तात जाते, बाकीचे नेहमीच्या झिजेत. ही गरज नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या तिमाहीत फारशी नसते, खरी ओढ पाचव्या महिन्यानंतर सुरू होते. तेव्हा रोज पाच-सहा मिलिग्रॅम लोह रक्तात पोचायला हवे. पोचायला म्हणते आहे, खायला नव्हे. भाजी-डाळीतले लोह आपले आतडे जेमतेम पाच-दहा टक्के उचलते. दिवसभरात नाचणी, तांबडी भाजी, कुळीथ, अळसाणे (आपली मोठी चवळी) असे सगळे व्यवस्थित खाल्ले तर १५ मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते. त्यातले दहा टक्के धरले तर दीड मिलिग्रॅम झाले. गरोदरपणात आतडे जास्त लोह उचलायला लागते, मासळीतले लोह भाजीपेक्षा कितीतरी चांगले लागते, हे सगळे जमेस धरूनही दरी उरतेच. ज्या बाईच्या शरीरात आधीपासून ४००-५०० मिलिग्रॅमचा साठा असतो ती त्यावर निभावून नेते. असा साठा असलेल्या बायका आपल्याकडे थोड्या. देशभराच्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायकांचे रक्त कमी निघाले होते.

हिमोग्लोबिन थोडे उतरणे हे एरवी स्वाभाविकही आहे. रक्तातले पाणी जवळजवळ निम्म्याने वाढते, तांबड्या पेशी तेवढ्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ दिसते. हे धरूनच गरोदर बाईसाठी ११ ही रेघ आखलेली आहे. १० ते १०.९ म्हणजे सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली गंभीर. तुम्ही सौम्य गटात आहात. घाबरण्यासारखे काही नाही, पण आता दुर्लक्ष केले तर आठव्या महिन्यात धावपळ होते. तेव्हा गोळ्यांना वेळ उरत नाही आणि सलाईनमधून लोह द्यावे लागते.

आता बीट आणि डाळिंब. लाल ते रक्त वाढवणारे, हा समज इतका पक्का बसलाय की सोनोग्राफीला आलेल्या बाईच्या पिशवीत हमखास बिटाच्या रसाची बाटली असते. बिटाचा लाल रंग लोहाचा नाही, तो वनस्पतीतल्या एका रंगद्रव्याचा आहे. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसते, डाळिंबात तर त्याच्याही निम्मे. खजुरात बरे असते, पण दोन-तीन खजूर खाल्ले म्हणजे एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. गुळाचा छोटा खडा म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. खाऊ नका असे मी म्हणत नाही. डाळिंब चांगले फळ आहे, बिटाची कोशिंबीर चांगली लागते. फक्त त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका. गूळ तर जपूनच, विशेषतः साखरेची तपासणी वर आली असेल तर. तांबड्या भाजीचा रंगही लोहाचा नव्हे, पण तिच्यात लोह खरेच आहे, १०० ग्रॅम पाल्यात पाच ते सात मिलिग्रॅम. रंगावरून नव्हे, गुणावरून ती माझ्या यादीत वर आहे.

तुमच्या भागातल्या बायका आणखी एक विचारतात, म्हणून लिहून टाकते. पावसात विहिरीचे पाणी तांबूस होते, माती लोखंडाची, मग पाण्यातून लोह मिळत नसेल का? नाही. तो गंजाच्या जातीचा पदार्थ आहे, आतडे त्याला जवळजवळ हात लावत नाही. तसले पाणी गाळून, उकळूनच प्या. लोखंडी कढईत किंवा तव्यावर काही आंबट शिजवले तर मात्र थोडे लोह अन्नात खरेच उतरते. टोमॅटोची भाजी, कोकम घातलेले तोणाक (कडधान्याचे दाट कालवण) लोखंडी कढईत करायला हरकत नाही. चव थोडी बदलते, रंग काळपट होतो. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

आता तुमचा दिवस. तुम्ही लिहिलेत: सकाळी साडेसहाला चहा-बिस्किटे. आठला पोदेराकडचा पाव आणि पातळ भाजी, सोबत चहा, आणि त्यावर लगेच लोहाची गोळी. अकराला पेज आणि लोणचे. दीडला भात, हुमण (माशाची आमटी) किंवा आमटी, एक भाजी. चारला चहा. रात्री साडेनऊला जेवण, झोपताना कॅल्शियमची गोळी आणि आठवली तर लोहाची दुसरी गोळीही त्याच पाण्याबरोबर. कॅल्शियमची सकाळची गोळी बहुधा राहतेच.

यात दोन्ही वेळची लोहाची गोळी वाया जाते आहे. चहातले टॅनिन लोहाला पोटातच धरून ठेवते. जेवणाबरोबर घेतलेला एक कप चहा भाजी-डाळीतल्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो, गोळीलाही तो सोडत नाही. आणि कॅल्शियम लोहाच्या आड येते, म्हणून त्या दोन गोळ्या एकत्र कधीच घ्यायच्या नसतात, मध्ये किमान दोन तास हवेत. औषधाच्या दुकानात दोन्ही पाकिटे एकाच पिशवीत मिळतात, त्यामुळे घरी येऊन बायका ती एकाच वेळी घेतात. हे मी सतत बघते.

मी असे करायला सांगेन: सकाळचा नाश्ता कॅल्शियमचा समजा आणि दुपारचे जेवण लोहाचे. नाश्त्याला पाव-भाजी, हवा तर चहाही, आणि त्याबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी. त्या भाजीतले लोह थोडे कमी लागेल, लागू दे, एवढे सोडून देऊ. चहा तोडा म्हटले की सगळे पथ्यच दोन दिवसांत बारगळते, हा माझा अनुभव आहे. लोहाची पहिली गोळी अकराच्या सुमारास, पेजेच्या आधी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. तेव्हा पोट बऱ्यापैकी रिकामे असते आणि सकाळचा चहा मागे पडलेला असतो. त्यानेही मळमळले तर पेजेनंतर घ्या. शोषण थोडे कमी होईल, पण न घेण्यापेक्षा शंभर पटीने बरे. रात्रीचे जेवण आठला आणता आले तर बघा. जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी, आणि दहाला झोपताना लोहाची दुसरी. मळमळणाऱ्या बाईला झोपतानाची गोळी सगळ्यांत सोसते, कारण मळमळ सुरू व्हायच्या आत डोळा लागलेला असतो.

काळी शौच हा दोष नाही, न शोषलेल्या लोहाचा तो रंग आहे. बद्धकोष्ठ मात्र खरे त्रासदायक असते. त्यावर पाणी, पालेभाजी, सालीसकट पेरू, आणि सकाळ-संध्याकाळ थोडे चालणे. एवढ्यानेही गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लोहाचे दुसरे क्षार मिळतात, कधी दिवसाआड देतात, पण तो निर्णय त्यांचा. दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. दुकानातल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत क्षाराचे वजन छापलेले असते, प्रत्यक्ष लोह त्याहून खूप कमी असते. "एलिमेंटल आयर्न" पुढे जो आकडा असेल तोच धरायचा. महाग गोळी म्हणजे जास्त लोह, असे नाही.

दुपारच्या जेवणाकडे वळू, कारण गोव्याच्या स्वयंपाकात सोय आहे ती इथेच. माशाचे दोन फायदे. त्याचे स्वतःचे लोह चांगले लागते, शिवाय त्याच ताटातल्या भाजीचे, डाळीचे लोहही तो ओढून आत नेतो. म्हणजे तेफळे घालून केलेले बांगड्याचे हुमण आणि बाजूला तांबडी भाजी ही जोडी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त देते. तांबडी भाजी बारीक चिरून झाकण ठेवून पटकन वाफवा आणि उतरवल्यावर, म्हणजे विस्तवावरून खाली घेतल्यावर, लिंबू पिळा. क जीवनसत्त्व उष्णतेने नासते, आधी पिळून उपयोग नाही. लिंबाचा फायदा मोठा आहे, त्याच भाजीतले लोह दुपटीपर्यंत जास्त लागू शकते. आता पावसात पेर, म्हणजे पेरू, मिळू लागतील. जेवल्यावर लगेच एक पेर म्हणजे लिंबापेक्षाही भारी. सोलकढीबद्दल विचारतात. सोलांच्या आंबटपणाचा थोडा हातभार लागतो, पण त्यांत क जीवनसत्त्व फारसे नसते, त्यामुळे लिंबाची जागा सोले घेणार नाहीत. उन्हाळ्यातला बोंडू, काजूचे फळ, क जीवनसत्त्वाने नुसते ओसंडत असते, ते पुढच्या खेपेला लक्षात ठेवा. फक्त फळ किंवा ताजा नीरो, म्हणजे त्याचा रस, हं. त्यातून पुढे जे होते ते गरोदर बाईसाठी नाही, उर्राक, म्हणजे काजूची दारू, औषधी असतो असे कोणी कितीही सांगो.

तिसऱ्या, शिनाणे, खुबे या शिंपल्यांत लोह, झिंक आणि ब-१२ भरपूर. उष्ण पडतात म्हणून घरोघरी गरोदर बाईला देत नाहीत. उष्ण-थंडाच्या वादात मी पडत नाही, पण काळजीचे कारण वेगळे आहे. हे जीव पाणी गाळून जगतात, पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. घेतल्या तर ओळखीच्या जागच्या आणि ताज्या घ्या, शिंपले पूर्ण उघडेपर्यंत उकळा, न उघडलेले फेकून द्या. कच्ची किंवा अर्धकच्ची कालवे तर अजिबात नकोत. मोरी, म्हणजे शार्क, या काळात टाळा, मोठ्या इसवणीचे (सुरमईचे) तुकडे रोज खाऊ नका. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडा, तारले, मुड्डोशी अशी लहान मासळी खुशाल खा.

मोड आलेल्या कडधान्याला आपल्याकडे मान आहे, तो योग्यच आहे. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोह, झिंक, कॅल्शियम तिघांनाही बांधून ठेवतो. भिजवले, मोड आणले, आंबवले की तो कमी होतो. म्हणून मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाचे कालवण, ही नुसत्या मुगाच्या वरणापेक्षा सरस, आणि इडली-आंबोळी ही साध्या भाकरीपेक्षा. कोंड्याची पोई, म्हणजे गव्हाचा पाव, खमीर आलेली असते, तिलाही हे लागू पडते.

कॅल्शियमचे सोपे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज १००० मिलिग्रॅम हवे. एक मोठा पेला दूध म्हणजे २५० ते ३००. दूध आवडत नाही म्हणता, तर दही, ताक, पनीर चालेल, पण दुपारच्या जेवणात नको, नाश्त्याला किंवा संध्याकाळी. नारळाच्या दुधाला दूध समजू नका. त्यात कॅल्शियम नावापुरते असते, आणि सोलकढी प्यायले म्हणजे दुधाचे काम झाले असे समजणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. चारच्या चहानंतर एखादा तास सोडून नाचणीचे तिझण, म्हणजे लापशी, घ्या. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या पासंगालाही नसते. तिझण करताना आपण नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून घेतो. गाळण्याने ते मऊ होते हे खरे, पण नाचणीचे कॅल्शियम मुख्यतः तिच्या सालीत असते आणि तो चोथा आपण टाकतो. लहान बाळासाठी गाळा. स्वतःसाठी मोड आलेल्या नाचणीचे पीठ करून ठेवा आणि न गाळता शिजवा. वरून चमचाभर भाजलेल्या तिळाची पूड घाला. तीळ १० ग्रॅम म्हणजे शंभर मिलिग्रॅमहून जास्त, तरी तिळातले सगळे लागत नाही. तांबडी भाजी आणि पालक यांतल्या कॅल्शियमचे तसेच आहे, ऑक्झलेट नावाचे द्रव्य ते अडवते. शेवग्याचा पाला, आपली मस्कासांग, त्या मानाने चांगला, आणि पावसात तो दारात असतो. तारल्यांचे काटे आंबटात मऊ शिजतात. ते चावून खाल्ले तर तेही कॅल्शियमच.

इतके सगळे रोज जमणार नाही, हे मलाही कळते. म्हणूनच कॅल्शियमच्या गोळ्याही चालू ठेवा. सरकारी कार्यक्रमात १४ व्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात, ती बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत चालू राहते. ती हाडांपुरतीच नाही. ज्या बायकांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांना पुरेसे कॅल्शियम मिळाले तर गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका कमी होतो. दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका, शरीर एका वेळी पाचशेच्या वर नीट घेत नाही. गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खा, असा एक निरोप मोबाईलवर फिरत असतो. चुन्यात कॅल्शियम असते हे खरे, पण बाजारच्या चुन्यात आणखी काय असते ते कोणी तपासलेले नसते, आणि गोळी फुकट मिळत असताना तो धोका कशाला घ्यायचा? माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटत असेल तर मात्र लपवू नका. ते डोहाळे म्हणून घरात हसण्यावारी नेतात, पण बऱ्याचदा ते लोह कमी असल्याचे लक्षण असते.

आता मिठाचे मडके. आगरवाड्याकडचे, रायबंदरचे आगरी मीठ मलाही आवडते. कैरीच्या लोणच्याला, खाऱ्या मासळीला त्याच्यासारखे दुसरे नाही, आणि मिठागरे टिकली पाहिजेत असे मला मनापासून वाटते. पण समुद्राचे मीठ म्हणून त्यात आयोडीन असते, हा गैरसमज आहे. पाणी आटून मीठ बनते तेव्हा आयोडीन त्यात नगण्य उरते. ते नंतर मुद्दाम मिसळावे लागते. देशात १९६२ पासून आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम आहे आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला बंदी आहे. गरोदर बाईला रोज २२० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ग्राहकाच्या हातात पोचेपर्यंत मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असले पाहिजे असा नियम आहे. म्हणजे दिवसाला ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम तर नक्की मिळतात, मीठ ताजे आणि चांगले असेल तर दीडशेपर्यंत. उरलेले समुद्राची मासळी, दूध-दही आणि अंडी यांतून येते. तुमच्या घरात मीठ आगरातले, दूध तुम्ही पीत नाही, आणि श्रावणात मासळीही जाणार. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यांत जास्त हेच खटकले, आणि तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिले होते.

आयोडीन कमी पडले तर त्याचा फटका बाळाच्या मेंदूला बसतो. पहिल्या तीन महिन्यांत तर बाळ सर्वस्वी आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते. तुमची थायरॉईडची तपासणी, टीएसएच, झाली असेलच. रिपोर्टमध्ये बघा, नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. आणि आजपासून रोजच्या स्वयंपाकाला पाकिटातले आयोडीनयुक्त मीठ घ्या. आगरी मीठ लोणचे घालायला, मासळी धुवायला राहू दे, म्हणजे सासूबाईंचाही मान राहतो. पाकीट फोडल्यावर मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवा, आणि आमटी-हुमणात शेवटी घाला. उघड्या मडक्यात ओलसर झालेले मीठ चार महिने वापरत राहिले तर आयोडीन उडत जाते. जास्त आयोडीन मिळावे म्हणून जास्त मीठ खाणे हा उपाय नाही, रक्तदाबाचा विचार करता ५ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नका. लोणचे, पापड, खारे बांगडे यांतले मीठही त्यातच धरायचे. समुद्री शेवाळाच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर घेऊ नका, त्यांत आयोडीन बेसुमार असू शकते.

झिंक म्हणजे जस्त, दिवसाला १४-१५ मिलिग्रॅम. मासळी, अंडी, कडधान्ये आणि मूठभर काजू खाणाऱ्या घरात त्याची वेगळी काळजी करावी लागत नाही. मॅग्नेशियमही काजू, नाचणी, कडधान्यांतून येते. रात्री पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या बाजारात खूप खपतात, त्यांचा उपयोग होतोच असे ठाम सांगण्यासारखे काही नाही. आधी पोटऱ्या ताणून बघा. अडसराचे, म्हणजे शहाळ्याचे, पाणी पोटॅशियमसाठी छान, उलट्या होत असतील तर फारच छान, पण त्यात लोह आणि कॅल्शियम जेमतेम. ते रोज प्यायल्याने बाळ गोरे होते, याबद्दल मी काय बोलणार?

राहिला श्रावण. तसे तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरची बंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग होते, आणि ती सुटते न सुटते तोच श्रावण, मग चवथ, म्हणजे गणपती. म्हणजे सलग दोन-तीन महिने मासळी पोटात फारशी जात नाही, आणि तुमच्या बाबतीत हे नेमके पाचव्या ते सातव्या महिन्यात, जेव्हा लोहाची ओढ वाढते. आत्ता श्रावण लागेपर्यंत पुरुमेंतातले, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे, गालमो (सुका जवळा) असतील तर वापरा, पण खारे मासे दोन पाण्यांत भिजवून मीठ काढून घ्या आणि रोज नको. व्रत मोडा असे मी सांगणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. काही घरांत गरोदर बाईला सूट देतात, सासूबाईंना विचारून बघायला हरकत नाही. सूट नसेल तर महिनाभर दुपारी कडधान्य न चुकता: एक दिवस मुगागाठी, एक दिवस अळसाण्यांचे तोणाक, एक दिवस कुळथाची पिठी. कुळीथ त्यात सगळ्यांत गुणी, लोहही आहे आणि कॅल्शियमही. प्रत्येक वेळी लिंबू किंवा पेर. कांदा-लसूण चालत नसेल तरी हे सगळे होते. उपवासाच्या दिवशी सैंधव वापरत असाल तर त्यातही आयोडीन नसते, तेव्हा सोमवारी एकाऐवजी दोन वाट्या दही घ्या. साबुदाण्यात खनिज म्हणून काहीच नाही. उपवासाला शेंगदाणे, वरी, राजगिरा, दही असे काही घ्या, आणि दिवसभर उपाशी राहून गोळ्या रिकाम्या पोटी ढकलू नका. ब-१२ ची पातळीही एकदा बघून घ्यायला डॉक्टरांना सांगा. मासळी बंद, अंडी बंद, दूध नको, अशा बाईत तीही उतरते, आणि ती कमी असेल तर नुसत्या लोहाने हिमोग्लोबिन चढत नाही.

या क्रमाने दोन गोळ्या नीट घेतल्यात तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एकाने तरी वर यायला हवे. महिन्याने पुन्हा तपासा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे होईल. जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत देतात, मिळाली नसेल तर मागून घ्या. गोळ्या मनापासून घेऊनही आकडा हलला नाही, तर आणखी बीट खात बसू नका. थॅलेसेमियाचा अंश असलेल्या बाईत असे होते, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी आहे, आणि तसे निघाले तर नवऱ्याचीही करावी लागते. धाप लागत असेल, छातीत धडधड होत असेल, चेहरा-हात सुजत असतील, तर महिना थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.